मोबाइलमधली लालपरी कुणी बांधली?

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की डाव्या अंगाला उजनीचं पाणी सोबत करू लागतं आणि इंदापूरच्या अलीकडे पळसदेव येतं. इथल्या थांब्यावर उभं राहिलं की एसटीचे सगळे अवतार बघायला मिळतात: साधी लालपरी, शिवशाही, विजेवर चालणारी शिवाई. गाड्यांचं वेड असलेली पोरं लांबूनच गाडी ओळखतात. जुन्या बांधणीची की नव्या, तेही सांगतात. यातलीच काही पोरं घरी गेल्यावर मोबाइलवर तीच लालपरी चालवतात, फक्त रस्ता असतो इंडोनेशियातला.

त्या खेळाचं नाव ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’, पोरांच्या तोंडी ‘बसिड’. मालेओ नावाच्या तिथल्या छोट्या कंपनीने तो २०१७ साली बाजारात आणला. इंडोनेशियातही वाहनं डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजव्या हाताला बसतो, त्यामुळे आपल्या पोरांना तो रस्ता परका वाटत नाही. हॉर्नचं वेडही तिकडे आपल्यासारखंच. वाटेवर उभं राहून बसचालकाकडे सुरेल हॉर्न मागणाऱ्या तिथल्या मुलांचे व्हिडिओ २०१६च्या अखेरीस जगभर फिरले होते. पण मालेओच्या मूळ खेळात एसटी नाही. ती बनवली आपल्याकडच्या कुणा हौशी मुलाने, अभ्यास किंवा नोकरी सांभाळून, आणि ज्याला हवी त्याला फुकट देऊन टाकली. केरळमध्ये तर तिथली सरकारी बस आणि रंगीबेरंगी खासगी पर्यटक बस या खेळात आणण्याची हौस प्रचंड आहे. आपली लालपरी, ट्रॅव्हल्सच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर त्याच वाटेने आले.

खेळ बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या माणसाने खेळात घातलेली भर किंवा केलेला बदल म्हणजे मॉड, आणि तो करणारा मॉडर. नवी गाडी, नवा नकाशा, नवी पात्रं, बिघाडाची दुरुस्ती, दुसऱ्या भाषेतला मजकूर, काहीही चालतं. इथे एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडे ‘मॉड’ म्हटलं की पुष्कळांना ‘मॉड एपीके’ आठवतं: अमर्याद नाणी, सगळं अनलॉक, जाहिराती गायब. ते म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाचं कुलूप फोडून माल वाटणं. त्यात वाटणाऱ्याची स्वतःची कारागिरी काही नसते, वर अशा फायलींतून मोबाइलमध्ये घातक प्रोग्रॅम शिरण्याचा धोका असतो. या दोन जातींना एकाच नावाने हाक मारली जाते, त्याची झळ खऱ्या मॉडरला बसते. पालकांना वाटतं, पोरगं काहीतरी चोरटं करतंय.

प्रत्यक्षात पोरगं काय करत असतं ते बघण्यासारखं आहे. खरी लालपरी बांधायची तर एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत पत्रा कापणारे, वेल्डिंग करणारे, रंग देणारे, आसनं बसवणारे असे वेगवेगळे कारागीर लागतात. मोबाइलमधली लालपरी बांधताना ही सगळी खाती एकाच माणसाकडे असतात.

सुरुवात आगारात होते. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो घ्यायचे. चाकांमधलं अंतर, खिडक्यांची संख्या, पुढच्या जाळीचा आकार, दिव्यांच्या जागा टिपायच्या. मग ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आकार त्रिकोणांनी उभा करायचा. संगणकातली त्रिमितीय वस्तू शेवटी छोट्या त्रिकोणांचीच बनलेली असते. त्रिकोण जितके जास्त तितकी गोलाई सुबक, आणि मोबाइलवरचा भारही तितका जास्त. कच्चा मॉडर इथेच फसतो. संगणकावर देखणी दिसणारी बस तीन-चार जीबी रॅमच्या मोबाइलवर टाकली की खेळ अडखळतो, नाहीतर बंदच पडतो. मुरलेला मॉडर कुठे आकार घडवायचा आणि कुठे नुसत्या चित्रावर भागवायचं हे जाणतो. खिडकीचे गज खरे घडवायची गरज नाही, ते रंगवले तरी चालतात. चाकाची गोलाई मात्र रंगवून भागत नाही.

आकार झाला की त्याचा सगळा पृष्ठभाग उलगडून एका सपाट चित्रावर मांडायचा. या चित्रावर जो रंग द्याल, जी अक्षरं लिहाल, ती बसच्या अंगावर उमटतात. खेळणारे याला ‘लिव्हरी’ किंवा ‘स्किन’ म्हणतात. बसचा मूळ आकार न बदलता नुसती लिव्हरी बनवणारेही पुष्कळ असतात. शिकण्याची ती पहिली पायरी. लिव्हरीचा आपल्याला आणखी एक उपयोग होतो. अनेक गेम इंजिनांना देवनागरी नीट जुळवता येत नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. पण पाटीवरचं ‘पुणे–सोलापूर’ हे चित्र म्हणून रंगवलेलं असलं की इंजिनाला अक्षरं जुळवावीच लागत नाहीत. म्हणून या परदेशी खेळात शुद्ध मराठी दिसते ती मेनूत नव्हे, बसच्या कपाळावर.

यानंतरचं काम कंटाळवाणं, आणि खरी परीक्षा त्यातच. चाक ज्या बिंदूभोवती फिरतं तो बरोबर मध्यावर नसेल तर गाडी लंगडते. दिवे, आरसे, दरवाजा, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणारा कॅमेरा, वळणावर गाडी किती झुकावी, हे सगळं एकेक जुळवायचं, खेळात टाकून बघायचं, पुन्हा उघडायचं. एवढं झाल्यावर कंपनी खेळाची नवी आवृत्ती काढते आणि कालपर्यंत धावणारी बस आज उघडत नाही. मग खाली प्रतिक्रिया येतात, “भाऊ, मॉड चालत नाही, फेक आहे.”

ब्लेंडरचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती विषयाला धरून आहे. हे सॉफ्टवेअर मूळचं डच. ते विकणारी कंपनी २००२ साली बुडाली. मूळ कर्ता टॉन रोझेंडाल याने गुंतवणूकदारांशी सौदा केला की १ लाख युरो दिले तर त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करता येईल. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून ही रक्कम सात आठवड्यांत उभी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर मुक्त झालं. आज इंदापूर-बारामतीकडचा एखादा मुलगा एक पैसा न भरता त्यावर बस बांधू शकतो. २००२च्या त्या अनोळखी वर्गणीदारांचे पैसे त्यामागे आहेत.

बस ही छोटी गोष्ट वाटत असेल तर पबजीकडे वळू. २०१८ नंतर महाराष्ट्राच्या गावागावांत हा खेळ कसा पसरला हे वेगळं सांगायला नको. स्वस्त डेटा आणि परवडणारे मोबाइल दोन्ही एकदम हातात आले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा घराघरांत आनंद किंवा शोक झाला, आणि २०२१ साली तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला. हा खेळ कोरियन कंपनीचा म्हणून ओळखला जातो. त्याचा उगम मात्र कंपनीत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीचा ‘आर्मा २’ हा युद्धखेळ होता. डीन हॉल या न्यूझीलंडच्या माणसाने २०१२ साली त्यावर ‘डेझी’ नावाचा मॉड केला. त्या मॉडवर ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने दुसरा मॉड चढवला: सगळ्यांना एका मोकळ्या मुलखात सोडायचं, जागा आकसत न्यायची, शेवटी उरेल तो जिंकला. ग्रीन कुठल्या खेळकंपनीत नोकरीला नव्हता. पुढे २०१६ साली कोरियातल्या ब्लूहोल कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि २०१७ साली ‘पबजी’ बाहेर पडला. फाट्यावर चार पोरं मान खाली घालून जे खेळत होती, तो मॉडवर चढलेल्या मॉडचा वंशज होता.

त्याआधीची पिढी नेट कॅफेत तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायची. तोही मॉडच. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळावर तो रचला, लोकांना फुकट दिला, आणि दुसऱ्या वर्षी वॉल्व्ह कंपनीने तो विकत घेऊन दोघांना कामावर ठेवलं. अशी उदाहरणं दिली की ऐकणाऱ्याला वाटतं, मॉड म्हणजे नोकरीचा छुपा अर्ज. तसं समजू नये. बहुसंख्य मॉडरना कुणी बोलावत नाही, आणि त्यांना ते नकोही असतं. ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ हा २००४चा खेळ अर्धवट अवस्थेत, ढीगभर चुकांसह विक्रीला आला आणि तो बनवणारी ट्रॉयका कंपनी २००५ साली बंद पडली. तेव्हापासून व्हेर्नर श्पाल हा पेशाने रसायनशास्त्रज्ञ असलेला जर्मन गृहस्थ त्या खेळाची दुरुस्ती करत आला. कंपनी संपली तरी त्याने खेळ मरू दिला नाही. खेळांच्या इतिहासात नाव कंपनीचं राहतं. अशा माणसांमुळे मुळात खेळ राहतो.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण ‘एज ऑफ एम्पायर्स २’चं वाटतं, कारण त्यात भारत आहे, किंबहुना सुरुवातीला तो नव्हता. १९९९च्या मूळ खेळात ब्रिटन, फ्रँक, जपानी, मंगोल, पर्शियन असे १३ समाज होते. युद्धातले हत्ती होते, पण ते पर्शियनांच्या वाट्याला. २०००च्या पुरवणीत हूण आले, कोरियन आले, अझ्टेक आले. भारत तेव्हाही नाही. २००९ साली मायक्रोसॉफ्टने मूळ एन्सेम्बल स्टुडिओ बंद केला आणि या खेळात नवीन काही येण्याची आशा संपली. तेव्हा बेल्जियमचा बर्ट बेकमन आणि त्याच्यासारखे जगभर विखुरलेले हौशी लोक एकत्र आले. त्यांनी ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मॉड रचला आणि त्यात जे नवे समाज घातले त्यांत भारतीयही होते. तो इतका चांगला उतरला की २०१३च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने तो अधिकृत पुरवणी म्हणून प्रसिद्ध केला. हौशी मंडळींची पुढे कंपनी झाली. २०२२ साली त्याच कंपनीने भारतावर आख्खी पुरवणी काढली. तोवर एकच ‘इंडियन्स’ म्हणून असलेल्या गटाचे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे भाग पाडले. त्या खेळात भारत आधी आणला तो फुकट काम करणाऱ्यांनी. पैसे घेऊन काम करणाऱ्यांना तो १४ वर्षं सुचला नव्हता.

मराठ्यांचं नशीब तुलनेने बरं. २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ मध्ये मराठा साम्राज्य खेळता येतं आणि डाव १७०० सालापासून सुरू होतो. पण मूळ खेळाची लढाई पोकळ आहे म्हणून खेळणारे कुरकुरत होते. ती सुधारली ‘डार्थमॉड’ने, निक थोमाडिस या ग्रीक माणसाच्या मॉडने. हा थोमाडिस पुढे स्वतः युद्धखेळ काढू लागला.

यातून माझं म्हणणं स्पष्ट व्हावं. व्यापारी कंपनी जिथे गिऱ्हाईक मोठं तिथलं जग बनवते. त्यात वाईट काही नाही, पण आपण त्या जगात क्वचितच असतो. शेतीचंच घ्या. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा खेळ. त्यात ऊस आला २०१७ साली, तोही दक्षिण अमेरिकेच्या नकाशासोबत, यंत्राने तोडायचा. आता इंदापूर तालुक्यातला ऊस आठवा. मराठवाड्यातून आलेली कोयत्याची टोळी, पाचटात झोपलेलं पोर, बैलगाडी, दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत बिजवडीच्या कर्मयोगी कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, गव्हाणीसमोरची रांग. झुरिकजवळ बसलेल्या माणसाला हे सुचणार नाही आणि सुचलं तरी परवडणार नाही. हे खेळात यायचं असेल तर ज्याने ती रांग पाहिली आहे, अशा कुणीतरी आपली रात्र घालून आणायला हवं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचं मागचं टोक वळणावर कसं आत येतं हे त्यालाच ठाऊक.

मग अशा माणसाला पैसे का देऊ नयेत? हा प्रश्न जगाने एकदा मोठ्या आवाजात विचारून पाहिला आणि चार दिवसांत मागे घेतला. २३ एप्रिल २०१५ रोजी वॉल्व्ह आणि बेथेस्डा या दोन कंपन्यांनी जाहीर केलं की बेथेस्डाच्या ‘स्कायरिम’ खेळाचे मॉड आता वॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात पैसे घेऊन विकता येतील. वाटणी अशी: मॉडरला २५ टक्के, दुकानाला ३०, मूळ खेळाच्या कंपनीला ४५. एकच गहजब उडाला. विरोधाच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या पडल्या. पहिल्याच खेपेच्या मॉडमध्ये मासेमारीचा एक मॉड होता. तो दुसऱ्या एका मॉडरने फुकट दिलेल्या हालचालींवर उभा होता, आणि त्या माणसाला आपलं काम विक्रीच्या मालात नको होतं. मासेमारीचा मॉड काढून घ्यावा लागला. २७ एप्रिलला सगळी योजनाच गुंडाळली गेली आणि पैसे परत केले गेले.

विरोध करणाऱ्यांचं अर्धं बरोबर होतं. राबणाऱ्याला चौथाई आणि बसून असलेल्यांना पाऊण, ही वाटणी लाजिरवाणी होती. शिवाय मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. अचानक एकाने तिकीट लावलं की खालच्याचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पण विरोधाचा उरलेला अर्धा भाग नुसता सोयीचा होता. ‘मॉड फुकटच असले पाहिजेत’ ही घोषणा मॉड बनवणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांना फार आवडते. त्यानंतर जी व्यवस्था हळूहळू रुळली ती मला अधिक शहाणपणाची वाटते: मॉड सगळ्यांना खुला, आणि ज्याला वाटेल त्याने कर्त्याला पैसे पाठवावेत. रॉबिन स्कॉट या इंग्रज तरुणाने २००१ साली हौस म्हणून सुरू केलेल्या, पुढे ‘नेक्सस मॉड्स’ झालेल्या संग्रहाने २०१८पासून डाउनलोडच्या प्रमाणात मॉडरना वाटा द्यायला सुरुवात केली. ‘कर्सफोर्ज’ हा दुसरा मोठा संग्रहही कर्त्यांना मोबदला देतो.

आपल्याकडचा मामला मात्र यापेक्षा खूप कच्चा आहे, आणि तिथे पैशाच्या आधी रीतिभातीचा प्रश्न येतो. मोबाइल खेळांचे मॉड बहुधा एखाद्या फाइल साठवायच्या जागेवर ठेवलेले असतात, लिंक व्हिडिओखाली, आणि फायलीचा पासवर्ड व्हिडिओच्या मध्येच कुठेतरी. घेणाऱ्याला याचा राग येतो. पण कारण समजून घ्या: त्या पोराला मिळू शकणारी एकमेव कमाई म्हणजे व्हिडिओ पाहिला जाणं. मग कुणीतरी फाइल उचलतो, बसच्या मागच्या काचेवर रंगवलेलं कर्त्याचं नाव पुसतो, स्वतःचं घालतो आणि आपल्या चॅनेलवर चढवतो. खाली शेकडो जण त्याचंच कौतुक करतात. असा अनुभव दोनदा आला की कसदार मॉडर फाइल देणं बंद करतो, मित्रांपुरती ठेवतो, किंवा सगळं सोडून देतो.

तुकाराम महाराजांची पालखी आपल्या इंदापूर तालुक्यातून जाते. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. या वाटेवर गावोगाव लोक वारकऱ्यांना जेवू घालतात. जेवणारा तिथे मीठ कमी पडलं म्हणून वाढणाऱ्यावर ओरडत नाही, ‘उद्या पुरणपोळी का नाही’ असं दटावत नाही, आणि दुसऱ्याच्या मंडपातलं पातेलं उचलून त्यावर आपल्या नावाचा फलक तर मुळीच लावत नाही. घेण्याची ही रीत आपल्याला शिकवावी लागली नाही. ती मोबाइल हातात आला की कुठे जाते कोण जाणे.

नावाचा मुद्दा नुसत्या सभ्यतेचा नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा हक्क देतं, आणि कृतीचे बाकीचे हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. बसच्या काचेवरचं नाव पुसण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं. मॉडरनेही आपली बाजू सांभाळावी. अनेक खेळांच्या अटींत मॉडला परवानगी असली तरी तो विकायला नसते, आणि दुसऱ्या खेळातून उचललेलं मॉडेल हे ‘मी बनवलं’ म्हणून देणं ही चोरीच. अशा उचललेल्या गाड्या आपल्याकडे थोड्या नाहीत, हेही सांगून टाकतो.

आता मदत कशी करायची? पहिली गोष्ट फुकटात होते: मॉड मूळ कर्त्याकडूनच घ्यावा आणि मित्राला द्यायचा झाला तर फाइल नव्हे, कर्त्याची लिंक द्यावी. आकडा त्याच्या खात्यावर चढतो आणि नवी, दुरुस्त आवृत्तीही त्याच्याचकडे मिळते. दुसरी गोष्ट तक्रारीची. ‘चालत नाही’ या दोन शब्दांनी कुणालाच काही कळत नाही. मोबाइल कोणता, रॅम किती, खेळाची आवृत्ती कोणती, मॉड घातल्यावर नेमकं काय झालं आणि कधी, सोबत स्क्रीनशॉट, एवढं लिहिलं तर ती तक्रार उरत नाही, काम होतं. खेळ बनवणाऱ्या कंपन्या हेच तपासायला माणसं पगारावर ठेवतात. तुम्ही ते मॉडरला फुकट देता, म्हणजे त्याच्या फुकट कामाची काही अंशी परतफेड होते.

पैशाचं म्हणाल तर परदेशी वर्गणीच्या सोयी आपल्या खेड्यातल्या मुलाला गैरसोयीच्या पडतात. पेपालने तर २०२१च्या एप्रिलपासून भारतातल्या भारतात पैसे पाठवायची सेवाच बंद केली. आपल्याकडे यूपीआय आहे. एका वडापावाचे पैसे पाठवले तरी चालतात. रकमेपेक्षा ‘तुमची गाडी चालवली, आवडली’ हा संदेश पुष्कळदा जास्त पुरतो. मात्र यूपीआयवर खरं नाव उघडं पडतं, आणि मॉडर अनेकदा अल्पवयीन असतो. त्याने पालकांना सांगून त्यांच्या खात्यावर पैसे घ्यावेत. देणाऱ्याने पैसे दिले म्हणून मालक असल्यासारखं वागू नये. पन्नास रुपयांत दिवाळीपर्यंत नवी शिवशाही मिळेल, असा करार झालेला नसतो.

पालक आणि शिक्षकांसाठी एकच. मुलगा तासन्‌तास मोबाइलवर असेल तर तो खेळतोय की बांधतोय, एवढं विचारा. बांधत असेल तर तो भूमिती, चित्रकला, मोजमाप आणि चिकाटी एकदम शिकतो आहे. त्याला मोबाइलवरून उठवून साध्या का होईना, संगणकापुढे बसवता आलं तर बसवा. ब्लेंडर संगणकावर चालतं आणि त्याची फी शून्य आहे.

आणि जे खेळतही नाहीत त्यांनाही करता येण्यासारखं एक काम पळसदेवच्या काठावरच पडलं आहे. उजनीचं धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि त्याबरोबर पळसनाथाचं जुनं मंदिरही. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून अधिक मृतसाठा धरलं जातं. वापरायचं पाणी संपून धरण ‘उणे’ टक्क्यांत खोल गेलं की विटांच्या शिखराचं हे मंदिर उघडं पडतं. २०२४च्या उन्हाळ्यात ते असंच वर आलं आणि लोक बघायला लोटले. फोटो हजारांनी निघाले, बहुतेक समोरून, माणसं पुढे उभी करून.

जुनं पळसदेव एखाद्या खेळाचा नकाशा म्हणून पुन्हा उभं करायचं कुणाच्या मनात आलं, आणि ते यावं असं मला फार वाटतं, तर त्याला असे फोटो उपयोगी पडत नाहीत. फोटोंवरून त्रिमितीय आकार तयार करणारी मेशरूमसारखी मोफत सॉफ्टवेअरं आहेत, पण त्यांना विशिष्ट पद्धतीने काढलेले फोटो लागतात. पुढच्या वेळी पाणी खाली गेलं की मंदिराभोवती पूर्ण फेरी मारून, दर दोन पावलांवर एक, असे फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. सकाळी, सावल्या कडक व्हायच्या आत काढा, माणसं बाजूला करा, आणि निदान एका फोटोत भिंतीला टेकवलेला मीटर टेप दिसू द्या, म्हणजे माप कळेल. मंदिराच्या अंगावर चढू नका आणि गाळ वाळलेला दिसला तरी त्यावर एकट्याने जाऊ नका. घरात धरणापूर्वीच्या गावाचे फोटो असतील, गल्ल्या आणि वाडे कुठे होते हे आजोबांना आठवत असेल, तर तेही कागदावर उतरवून घ्या. हे सगळं विकिमीडिया कॉमन्सवर, तुमचं नाव कायम ठेवण्याच्या अटीवर खुलं करून टाका. तिथून ते कुणालाही, परवानगी न मागता, वापरता येतं.